सेटलमेंटचा अभ्यास : अर्थकारणाची वाट की राज्यसत्तेची?

सोलापूरच्या सेटलमेंटवर, म्हणजे इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवलेल्या कुंपणबंद वसाहतीवर, प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच ठरवावे लागते, की शिक्षेचे धोरण का बदलते याचे उत्तर मजुरांच्या बाजारात शोधायचे की सरकारच्या दप्तरात.

पहिली वाट गेऑर्ग रूशे आणि ओटो किर्शहायमर या जर्मन अभ्यासकांची. त्यांनी १९३९ साली मांडले की मजुरांची टंचाई असते तेव्हा राज्यकर्ते कैद्याला कामाला जुंपतात आणि बेकारी वाढली की त्याच कैद्याच्या श्रमाची किंमत उतरून तुरुंग अधिक कठोर होतो. सोलापूरला ही मांडणी चटकन लागू पडते. जुनी गिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या आणि पुढे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची माणसे तारेच्या कुंपणातून त्याच गिरण्यांत कामाला जाऊ लागली. भोंग्याबरोबर खात्यात उभे राहायचे, पाळी सुटली की कुंपणात येऊन हजेरी द्यायची, परगावी जायचे तर पास काढायचा, असा तो दिवस होता.

मात्र कामगार तर सगळ्याच जातींचे होते. मग कुंपण यांनाच का? इथे पहिली वाट अडते आणि दुसरी, राज्यसत्तेची वाट धरावी लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखाद्या जमातीचे नाव राजपत्रात आले की पुरे होते, कोणाही एकाचा गुन्हा सिद्ध व्हावा लागत नसे आणि त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था देशभर नेली. फिरत्या माणसावर जरब बसवू पाहणाऱ्या वसाहती सत्तेची ही गरज होती; गिरणीला हवे होते फक्त हात. सोलापूरने १९३० चा मार्शल लॉ पाहिला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली, हेही मजुरीच्या दराने उलगडत नाही.

दुसरी वाटही निर्दोष नाही. १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला, राज्यसत्ता बदललेली होती, तरी मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशयाचा रोख पुष्कळदा जुन्याच वस्त्यांकडे राहिला.

शिक्षेचे स्वरूप अभ्यासायचे असेल, म्हणजे कैद्याकडून काय काम घेतले, किती वेळ आणि कोणत्या मोबदल्यात, तर अर्थकारणाची वाट घ्यावी. शिक्षा कोणाला, हा प्रश्न असेल तर राज्यसत्तेची. सेटलमेंटपुरता माझा कल स्पष्टपणे दुसरीकडे आहे. त्याला व्यवहाराचेही कारण आहे. बंद पडलेल्या गिरण्यांची पगारपुस्तके हाती लागणे दुरापास्त आहे, तर सरकारी पत्रव्यवहार पुराभिलेखागारात मागवून वाचता येतो. त्या फायली माणसाला केवळ नोंद म्हणून पाहतात. म्हणून हजेरीच्या आठवणी घरी ऐकलेल्या वृद्धांना सेटलमेंटमध्ये जाऊन आधी भेटावे आणि फायली मग उघडाव्यात.