अझोला पावडरमधलं ‘४० टक्के प्रोटीन’ निम्मं युरियाचं निघालं

शेततळ्यात रोहू-कटला मासे करणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं. इंदापूरकडे आम्हा काही तळेवाल्यांना एकाच माणसानं गंडवलंय आणि तो अजून माल विकतोय.

शेंगपेंडीचा भाव परवडेना, म्हणून आम्ही माशांना घालायला वाळवलेल्या अझोला-डकवीडची (पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या वनस्पती) पावडर घेतली. ‘४० टक्के प्रोटीन, पेंडीपेक्षा स्वस्त,’ असं सांगून त्यानं लॅबचा शिक्का मारलेला रिपोर्टही दिला. रिपोर्ट खोटा नव्हता. खरी मेख तिथंच आहे. लॅब नेहमीच्या तपासणीत प्रोटीन थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. युरियात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे कागदावर एक किलो युरिया जवळपास २.९ किलो प्रोटीन दाखवतो! वाळलेल्या अझोलात प्रोटीन साधारण २० ते २५ टक्के. शंभर किलोत सात किलो युरिया कालवला की झाले चाळीस.

गाईम्हशींच्या पोटातले जंतू युरियापासून प्रोटीन करून घेतात, माशाला ते जमत नाही. आमच्या तळ्यात झालं ते असं: युरिया पाण्यात विरघळला, शेवाळ माजून पाणी हिरवंगार झालं आणि पहाटे ऑक्सिजन उतरला की मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागले. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) वाढलीच नाहीत. हंगाम गेला.

आता प्रत्येक पोत्याची ही तपासणी करा. कच्चं सोयाबीन बारीक वाटा. भाजलेलं चालत नाही. बाटलीत पावडर, सोयाबीन आणि कोमट पाणी घालून ओला तांबडा लिटमस कागद पाण्याला न लागता आत टांगा, झाकण घट्ट लावा. अर्ध्या तासात कागद निळा झाला, नाकाला अमोनिया झोंबला, तर युरिया आहे. मात्र तीच पावडर सोयाबीनशिवाय दुसऱ्या बाटलीतही ठेवा, कारण कुजका मालही अमोनिया सोडतो. लॅबला नमुना स्वतः द्या आणि ‘खरं प्रोटीन’ व युरिया यांचे आकडे वेगवेगळे मागा.

अझोलाचा यात काडीचा दोष नाही. ताडपत्रीच्या खड्ड्यात घरीच वाढतो. ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांवर पाणी असतं, तेवढं धरून हिशेब करा. गवत्या मासा तर डकवीड ताजंच खातो.

आमची तक्रार अडलीय ती पावतीवर. तिच्यावर त्यानं ‘सेंद्रिय खत’ लिहिलंय. पैसे मोजण्याआधी पावतीवर ‘मत्स्यखाद्य’, बॅच नंबर आणि प्रोटीनचा आकडा लिहून घ्या. तो नाही म्हणाला, तर पोतं गाडीतून उतरवूच देऊ नका.