मुलीच्या चिंतेसाठी सीबीटी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते, कारण असे अनुभव शोधत होते तेव्हा मला तोच आधी हवा असायचा. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी थेरपी, चांगली लागू पडली. पण फरक पडला तो दोन सेशन्सच्या मधल्या दिवसांत जे करून पाहायचं होतं त्यामुळे. खोलीतल्या बोलण्याचा वाटा त्यामानाने कमी.

वर्गात बोलायची वेळ आली की तिचं पोट दुखायचं. आधी फक्त तोंडी परीक्षेच्या दिवशी, मग गटात काम असेल तेव्हा, शेवटी सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळपासूनच. डॉक्टरांनी तपासून पोटात काही दोष नसल्याचं सांगितलं आणि आम्ही समुपदेशनाकडे वळलो.

पहिल्या समुपदेशक फार प्रेमळ होत्या. मुलगी मनमोकळं बोलायची, हसत बाहेर यायची. शाळेतलं मात्र काहीच हलेना. उद्दिष्ट काय आणि प्रगती कशावरून कळणार, याचं नेमकं उत्तर मिळालं नाही, म्हणून आम्ही बदल केला. ऐकून घेणारं माणूस मिळणं ही छोटी गोष्ट नाही. घरात मोठं दुःख घडलेल्या मुलाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असू शकते. पण जी भीती टाळाटाळीवर पोसली जाते, तिला तेवढं पुरत नाही.

दुसऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच चिंतेचं चक्र कागदावर काढून दाखवलं. टाळलं की लगेच हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी टाळावंसं वाटतं. मग भीतीला 0 ते 100 गुण द्यायचे आणि त्यावरून शिडी तयार करायची. खालची पायरी अनोळखी माणसाला किंमत विचारण्याची. मग मैत्रिणीला मोठ्याने उतारा वाचून दाखवणं, वर्गात एक शंका विचारणं आणि सर्वांत वर, वर्गासमोर उभं राहून बोलणं. ही कल्पना नवी नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती अशीच घालवल्याचं नोंदवलं आहे: तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणत.

प्रत्येक पायरीआधी मुलीने आपला अंदाज लिहायचा आणि नंतर प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. मान खाली घालणं, वाक्य मनात घोकत राहणं, मैत्रिणीचा हात घट्ट धरणं, हे आधारही एकेक करून सोडायचे. एकदा ती शंका विचारत असताना एक मुलगा खरोखरच हसला. मला वाटलं, संपलं सगळं. पण मॅडमना तो प्रसंग सर्वांत मोलाचा वाटला आणि आज मलाही तसंच वाटतं. कुणी हसलं तरी आपण वाक्य पूर्ण करू शकतो, हे तिला दुसऱ्या कशातून कळलंच नसतं.

सर्वांत अवघड भाग आमच्या वाट्याचा होता. रोज रात्री ती विचारायची, "आई, उद्या मला उभं करणार नाहीत ना?" आणि कुठलीही आई म्हणेल, "नाही गं, झोप." त्याऐवजी म्हणायचं होतं, "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तू ते निभावशील याची मला खात्री आहे." पहिले काही दिवस ती चिडली, रडली. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी तर फक्त पालकांसोबत काम करणारी 'स्पेस' नावाची पद्धत विकसित केली आहे. 2020 साली छापून आलेल्या चाचणीत ती मुलांना थेट दिलेल्या सीबीटीच्या तोडीस तोड ठरली. मूलच यायला तयार नसेल, तर हे जरूर विचारा.

न आवडलेलं: विचार नोंदवायचे तक्ते. तिला तो आणखी एक गृहपाठ वाटे. शेवटी मॅडमनी फोनवर बोलून नोंद करायला सांगितलं, तेव्हा गाडी सुरू झाली. ऑनलाइन सेशनमध्ये ती कॅमेरा बंद करून बसायची, म्हणून ते आम्ही सोडलं.

गोपनीयतेचं पहिल्याच दिवशी ठरलं. तिच्या किंवा इतर कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तिला इजा करत असेल, तर आम्हाला सांगणार. बाकी काय सांगायचं ते ती ठरवणार. बाहेर बसून राहणं मला जड गेलं, पण त्याशिवाय ती बोललीच नसती.

औषधाबद्दल अनेकांच्या मनात धास्ती असते, म्हणून एक आकडा देते. अमेरिकेत 488 मुलांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 12 आठवड्यांनी फक्त सीबीटी घेतलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के, फक्त सर्ट्रालिन हे चिंतेवरचं औषध घेतलेल्यांपैकी 55 टक्के, तर दोन्ही मिळालेल्यांपैकी 81 टक्के मुलं बरीच सुधारली. आम्हाला औषध लागलं नाही. लागलं असतं तर घेतलं असतं.

धाकट्या सहा वर्षांच्या मुलाच्या आदळआपटीसाठी मात्र सीबीटी नाही. तिथे खेळ आणि पालकांचं प्रशिक्षण. रोज थोडा वेळ खेळाची सूत्रं त्याच्या हाती. प्रश्न नाहीत, सूचना नाहीत, तो करतोय ते शब्दांत सांगायचं आणि नेमकं कौतुक करायचं. आदळआपट कमी झाली आहे, थांबलेली नाही.

मुलीचं पोट अजून कधीकधी दुखतं, पण ती शाळेत जाते. सेशन आता महिन्यातून एकदा असतं आणि भीती परत वाढली तर काय करायचं याचा कागद तिने स्वतः लिहून ठेवला आहे. कुणाकडे जाण्याआधी फोनवर एवढं विचारा: "दोन सेशन्सच्या मधे मुलाने काय करायचं आणि आम्ही काय करायचं?" आणि मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर शिडी वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.