विकत घेण्याआधी जुन्या ट्रॅक्टरची वायरिंग तपासून घेतली : इंदूरमधील एका सेवेचा अनुभव

आमचा मागचा ट्रॅक्टर शेवटचे दोन पावसाळे आम्ही रोज संध्याकाळी उतारावर लावत असू, कारण सकाळी सेल्फ लागेल याचा भरवसा नसे. त्यामुळे सांवेरजवळच्या शेतासाठी पुन्हा जुनाच ट्रॅक्टर घ्यायचे ठरले, तेव्हा इंजिन आणि हायड्रॉलिक आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी पाहावे, पण वायरिंग मात्र त्याच कामातल्या माणसाकडून तपासून घ्यावी, असे मी घरात सांगितले. देवास नाक्याच्या बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. ते मूळचे बुऱ्हाणपूरकडचे, घरी मराठी बोलणारे. ट्रॅक्टर जिथे उभा असेल तिथे येऊन ते तपासणी करून देतात. त्यांनी ९०० रुपये घेतले, शिवाय शहराबाहेर जाण्याचा पेट्रोलखर्च वेगळा.

ट्रॅक्टर देपालपूर तालुक्यातल्या एका गावात होता. आम्ही पोहोचलो तेव्हा विकणाऱ्या गृहस्थांनी किल्ली फिरवून दाखवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. मी खूश झालो. इलेक्ट्रिशियन मात्र पेटी न उघडताच पुढे गेले, त्यांनी रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, आपण यायच्या आधीच हा चालवून ठेवलाय. गरम इंजिन मरतुकड्या बॅटरीवरसुद्धा लागतं. उद्या सकाळी सातला येऊ, आणि तोवर किल्लीला हात लावू नका असं त्यांना सांगा." दुसऱ्या फेरीचे त्यांनी फक्त पेट्रोल घेतले. माझ्या मते या सेवेचे निम्मे मोल या एका नकारात आहे.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर काम सुरू झाले. बॅटरी ८८ अँपिअर-अवरची होती आणि तिच्या टोकांवर १२.३ व्होल्ट मिळाले. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ दाखवते, म्हणजे ही बरीच उतरलेली होती. हायड्रोमीटरने, म्हणजे बॅटरीतल्या पाण्याची घनता मोजणाऱ्या नळीने, मात्र सहाही सेलचे पाणी जवळजवळ सारखे, १.२१च्या आसपास निघाले. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असता, तर बॅटरी बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरून, म्हणजे डिझेल जाऊ न देता, त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितले. इंजिन कण्हत कण्हत फिरले, पण मीटरवर बॅटरी १०.४ व्होल्टच्या खाली गेली नाही. विकणारे लगेच म्हणाले की बॅटरीच जुनी झाली आहे, हवे तर तेवढे पैसे कमी करू. खरे तर बॅटरीचा दोष असता, तर सेल्फचा भार पडताच ती साडेनऊच्याही खाली कोसळली असती. इथे बॅटरी टिकून होती आणि तरी सेल्फ मंद होता, याचा अर्थ वीज वाटेतच कुठेतरी अडत होती.

ती जागा त्यांनी ज्या रीतीने शोधली, ती प्रत्येक खरेदीदाराने पाहून ठेवण्यासारखी आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या बोल्टवर धरून पुन्हा सेल्फ मारला, तर १.३ व्होल्ट दिसले. अर्थिंग, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणारी केबल, नीट असेल तर हा आकडा ०.२ ते ०.३च्या पुढे जाऊ नये. ही केबल चेसिसला जिथे कसली होती, तिथे विक्रीआधी मारलेला ताजा लाल रंग होता. पाना लावून बोल्ट सोडवला, तेव्हा रंगाचा पापुद्रा निघून आला आणि खाली थिंबळ, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, हिरव्या-पांढऱ्या खाराने भरलेले दिसले. तांब्याच्या निम्म्या तारा तुटून केबलच्या रबरात तशाच अडकल्या होत्या. जंपरची जाड केबल बॅटरीपासून थेट ब्लॉकला लावताच तोच सेल्फ तीच बॅटरी घेऊन असा फिरला की विकणारेही गप्प झाले.

चार्जिंगचाही निकाल असाच वेगळा लागला. हेडलाइट लावून इंजिन १५०० फेऱ्यांवर ठेवले, तेव्हा अल्टरनेटरच्या टोकावर १४.२ व्होल्ट होते आणि बॅटरीवर १३.१. मी एकटा असतो तर बॅटरीवरचा आकडा पाहून अल्टरनेटर गेला असे समजलो असतो. प्रत्यक्षात मधला व्होल्ट थोडा त्याच अर्थिंगने आणि थोडा डॅशबोर्डमागच्या, नुसत्या पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडाने खाल्ला होता; त्या जोडाला बोट लावले तर चटका बसत होता. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा मात्र ठीक होता. फ्यूजच्या पेटीत दोन जागी फ्यूजऐवजी चंदेरी कागद गुंडाळलेला निघाला, म्हणजे तार तापली तरी वीज तुटणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाच्या भुशाशेजारी उभ्या राहणाऱ्या यंत्रात हा प्रकार मला तरी अक्षम्य वाटतो.

बॅटरी रात्रीत उतरते का, हे पाहायला किल्ली बंद ठेवून ऋण केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये अँपिअरमीटर जोडला. काट्याने ०.४ अँपिअर दाखवले. हा आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर म्हणजे भरलेली बॅटरीसुद्धा नऊ-दहा दिवसांत रिकामी. चोर सापडायला दहा मिनिटे लागली. मडगार्डखाली गाण्यांचा अँप्लिफायर होता आणि तो किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेला होता. त्याची तार काढताच मीटर शून्यावर आला. दिवे, हॉर्न, हीटर आणि ट्रॉलीचे सॉकेट यांची तपासणी त्यानंतर भराभर उरकली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ते छापील अहवाल देत नाहीत. सगळे आकडे फ्यूजच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर, अर्धे हिंदीत अर्धे मराठीत, लिहून मिळाले. फोन उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आत दुकानावर जाऊनच वेळ ठरवावी लागते. दुरुस्तीचा खर्च किती येईल, हे मी तीनदा विचारले तेव्हा कुठे सांगितले, आणि नवीन वायरिंग, अर्थिंगची केबल व मजुरी धरून सांगितलेला ६,५०० रुपयांचा आकडा पुढे ४०० रुपयांनी वाढला. तपासणी करणारा आणि दुरुस्ती करणारा एकच असला की मनात शंका येते. पण बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही बदलू नका असे याच माणसाने सांगितले होते, त्यामुळे ती फार वेळ टिकली नाही.

तो पुठ्ठा समोर ठेवून बोलणी केली, तेव्हा किंमत बारा हजारांनी उतरली आणि सोयाबीनच्या काढणीआधी ट्रॅक्टर घरी आला. अँप्लिफायर तेवढा विकणाऱ्यांनी काढून ठेवून घेतला.