स्वस्तातला विजेचा चेन सॉ : दुरुस्ती कुठवर परवडते?

पाऊस ओसरला की बेळगावजवळच्या खानापूर भागात परड्यात पडलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्यांचे जळण करण्याचे काम निघते आणि बरेच जण ऑनलाइन मिळणारा, वायरवर चालणारा, सोळा इंची पात्याचा (ज्या पट्टीभोवती चेन फिरते ते पाते) बिननावाचा चेन सॉ मागवतात. आमच्याकडेही तसाच एक आहे. घरापुरते काम तो व्यवस्थित करतो, तेव्हा पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. मात्र त्याची मोटार जितकी दणकट आहे तितकीच चेनवर तेल सोडण्याची व्यवस्था तकलादू आहे, आणि बिघाड नेमका कोणत्या भागात आहे यावरच दुरुस्ती करायची की नवे यंत्र घ्यायचे हे ठरते.

खोक्यावरचे २००० वॅट खरे मानले तर २३० व्होल्टवर हे यंत्र जवळपास ९ अँपिअर वीज ओढते, म्हणून ते ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावूच नये. परड्यापर्यंत न्यायची वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची असावी आणि तिची गुंडाळी पूर्ण उलगडावी. खेड्यात संध्याकाळी विजेचा दाब पडतो तेव्हा मोटार मंदावते, तिच्याबरोबर तिला थंड ठेवणारा आतला पंखाही मंद फिरतो आणि तरीही आपण यंत्र ओंडक्यावर रेटत राहिलो तर आर्मेचर (मोटारीतला तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग) जळते.

यंत्र मध्येच बंद पडते, हलवले की पुन्हा सुरू होते आणि मागच्या फटीतून ठिणग्या दिसतात, तेव्हा बहुधा कार्बन ब्रश (फिरत्या आर्मेचरला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) झिजलेले असतात. प्लग काढून बाजूची दोन टोपणे स्क्रू ड्रायव्हरने फिरवली की स्प्रिंगसकट ब्रश बाहेर येतात. जुना ब्रश नमुन्याला घेऊन बेळगावात पॉवर टूल्सच्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्यास त्या मापाची जोडी किरकोळ पैशांत मिळते. अगदी तंतोतंत माप नसेल तर थोडा जाड ब्रश पॉलिश पेपरवर घासून बसवता येतो. एकच ब्रश झिजलेला दिसला तरी दोन्ही बदलावेत.

यंत्रात दम राहिला नाही, ही तक्रार मात्र अनेकदा चेन बोथट झाल्याचीच असते. लाकडाच्या ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की ४ मिलिमीटरची गोल कानस घेऊन प्रत्येक दाताला सारखेच हात द्यावेत (या यंत्रांना सहसा असणाऱ्या तीन-अष्टमांश इंच, लो-प्रोफाइल चेनला हीच कानस लागते). नवी चेन घेताना नुसते ‘सोळा इंची’ सांगून भागत नाही. पिच (कड्यांमधले अंतर), गेज (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि पात्याच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची संख्या जुळली पाहिजे.

तेलाची परीक्षा सोपी आहे. चालू यंत्राचे टोक, न टेकवता, पांढऱ्या कागदासमोर क्षणभर धरले की तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ती उमटली नाही तर पाते काढून तेलाचे भोक पाहावे. तिथे भुसा आणि तेल मिळून काळा, चिवट गोळा बसलेला असतो. भोक मोकळे करूनही तेल येत नसेल तर पंप फिरवणारे प्लॅस्टिकचे गिअर झिजलेले असते, आणि बिननावाच्या यंत्राला ते सुटे मिळणे दुरापास्त असते. अशा वेळी चेनवर हाताने वरचेवर तेल सोडून थोडे दिवस निभावता येते. गॅरेजमधले जळके ऑइल मात्र वापरू नये. त्यातल्या धातूच्या कणांनी पाते आणि चेन दोन्ही घासतात.

आर्मेचर जळल्यास मी दुरुस्तीच्या फंदात पडणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागाच्या आसपास वाइंडिंग करून (म्हणजे तारा नव्याने गुंडाळून) देणारे कुशल कारागीर आहेत, पण एवढ्या बारीक आर्मेचरची मजुरी यंत्राच्या निम्म्या किमतीवर जाते आणि झिजलेले गिअर जिथल्या तिथेच राहते. विक्रेत्याची वॉरंटीही कामी येत नाही, कारण आमच्या विक्रेत्याने मोटार, चेन आणि पाते तिन्ही तीतून वगळली होती. मग उरले काय ते त्यालाच ठाऊक. वर्षभर जळण लागणाऱ्या घराने त्यापेक्षा जास्त पैसे घालून मकितासारख्या कंपनीचे, क्रमांकानुसार सुटे भाग मिळणारे यंत्र घ्यावे. वर्षातून चार फांद्या कापणाऱ्याला स्वस्तातले पुरते. त्याने यंत्राबरोबरच ब्रशची एक जादा जोडी मागून घ्यावी.