४२८ चं चेन किट: मुंबईच्या पावसासाठी कुठलं घ्यावं

मुंबईत मोटरसायकलची चेन खराब होते ती पाण्याने. जून ते सप्टेंबर खड्ड्यांतलं पाणी आणि बारीक रेती पिन आणि बुशमधलं ऑइल धुऊन नेते आणि त्या जागी कच बसते. चेन ताणली असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणलेल्या नसतात. प्रत्येक जोडातली पिन थोडी थोडी झिजते आणि शंभरेक जोडांची झीज मिळून चेन लांब होते. सांध्याभोवती तांबूस भुकटी दिसली की झीज आत सुरू झाली म्हणून समजा.

१०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चेन लागते. पहिला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत १२.७ मिलिमीटर. केटीएम ड्यूक ३९० ची चेन ५२० ची, तिथे हेच अंतर १५.८७५. हे माप जगभर सारखं आहे, मोटरसायकलच्या चेनसाठी आयएसओ १०१९० हे मानकही आहे. म्हणून जपानची डीआयडी, इटलीची रेजिना, कोइम्बतूरच्या एलजीबीची रोलॉन आणि ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सची डायमंड, सगळ्यांची ४२८ एकाच दातांवर बसते. फरक असतो तो पोलादात, पिनच्या कडकपणात आणि आतल्या ग्रीसमध्ये.

किट म्हणजे चेन आणि पुढचं-मागचं अशी दोन स्प्रॉकेट (दातेरी चाकं). ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट मार्केटमध्ये ४२८ चं किट मागितलं की साधारण चार प्रकार समोर येतात: गाडीच्या कंपनीचा डबा, रोलॉन किंवा डायमंडसारख्या चेन बनवणाऱ्याचा डबा, ओ-रिंगवालं किट, आणि डब्याशिवायचा सुटा माल.

सुटा माल घेऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना फूटरेस्ट किंवा टाकी बघून घ्यायला हरकत नाही, पण चेन आणि स्प्रॉकेट जुनं कधीच नको. झीज डोळ्यांना दिसत नाही.

स्प्लेंडरसारखं पूर्ण चेन कव्हर असेल तर नामांकित कंपनीचं साधं किट पुरेसं आहे, ओ-रिंगवर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. चेन उघडी असेल आणि गाडी रोज पावसात फिरत असेल तर मात्र ओ-रिंगच घ्या. तिच्यात पिनभोवतीचं ग्रीस रबरी रिंगांनी आत कोंडलेलं असतं, पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही. एक अडचण आहे. हिच्या पिना लांब असतात, त्यामुळे चेन रुंद होते. पुढच्या स्प्रॉकेटजवळ इंजिनच्या कव्हरला किंवा चेन कव्हरला ती घासते का, हे चाक हाताने फिरवून बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. आणि ओ-रिंगच्या लॉकसोबत, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या जोडासोबत, चार छोट्या रिंगा येतात, चेनच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या मध्ये बसणाऱ्या. घाईत त्या डब्यातच राहतात आणि मग नेमका तोच जोड सगळ्यात आधी झिजतो.

काउंटरवर डबा उघडूनच घ्या. चेनच्या पट्टीवर कंपनीचं नाव आणि नंबर ठोकलेला हवा, नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. ४२८एच, म्हणजे जाड पट्टीची, म्हणून दिली असेल तर व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा: पट्टीची जाडी २ मिलिमीटरच्या आसपास भरली पाहिजे, साध्या ४२८ ची दीडच्या आसपास असते. मागच्या स्प्रॉकेटचे दात नीट निरखा. कडक केलेल्या दातांवर बऱ्याचदा मधल्या भागापेक्षा गडद पट्टा दिसतो. घरी आणल्यावर दाताच्या कडेला बारीक कानस हलकेच फिरवा. कानस घसरली तर दात कडक आहे, लोखंड खाल्लं तर ते स्प्रॉकेट परत करा. परदेशी चेनच्या डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, बनलेला देश आणि एमआरपी छापलेली असायलाच हवी. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वर वेगळा जीएसटी देऊ नका.

सोबत आरसी बुक आणि जुन्या दोन्ही स्प्रॉकेटच्या दातांचा आकडा न्या. एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलमध्ये दात बदलतात. पुढे १४ आणि मागे ४२ असेल तर प्रमाण ३ चं, पुढे १५ झाले की २.८. इंजिन शांत चालतं, पण डबलसीट फ्लायओव्हर चढताना ओढ कमी पडते.

किट बदलायची वेळ ओळखायला चेन ताठ धरून २० जोड मोजा, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत. नवीन ४२८ चे २५४ मिलिमीटर भरतात, २५९ झाले की संपली. तिन्ही भाग एकत्र बदला. नुसती चेन बदलली तर झिजून आकड्यासारख्या वळलेल्या दातांवर ती वर चढून चालते आणि लवकरच खडखडायला लागते. मागच्या हबमधले झटका झेलणारे रबर त्याच वेळी बघा. ते सैल असतील तर प्रत्येक गिअरचा झटका थेट नव्या चेनवर बसतो. पुढच्या स्प्रॉकेटची लॉक प्लेट आणि तिचे बोल्ट नीट कसा. ते ढिले राहिले तर स्प्रॉकेट हलून गिअर शाफ्टच्या खाचा खातं, आणि मग खर्च इंजिन उघडण्यापर्यंत जातो.

क्लिप लॉकचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं. ढील, म्हणजे चेन मधोमध वरखाली जेवढी हलते ती, गाडीच्या पुस्तकात असेल तेवढीच ठेवा, कम्युटर गाड्यांना ती बहुधा २५ ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते. चाक फिरवत चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथेच मोजा. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि ढील आणखी कमी होते, म्हणून ताठ चेन बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही खाते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना चेन ॲडजस्टरवर असलेल्या खुणा सारख्या ठेवूनच एक्सलचा नट आवळा.

ओ-रिंगला पेट्रोल, वायरचा ब्रश किंवा प्रेशर वॉशचा थेट फवारा लावू नका, रिंगा खराब होतात. चेन क्लीनर, मऊ ब्रश, कापडाने कोरडं, मग ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा ओ-रिंगला चालणारा स्प्रे चेनच्या आतल्या बाजूला. कोरड्या दिवसांत ५०० किलोमीटरला एकदा, पावसात दर आठवड्याला, आणि गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर त्याच रात्री.