आधी कखगघ की गमभन?

शेजारच्या वहिनींनी लेकीला घरीच वाचायला शिकवायचं ठरवलंय, पण कखगघच्या वर्णमालेपासून सुरुवात करायची की ग, म, भ, न या अक्षरांपासून, इथंच अडल्यात. खर्च दोन्हीकडे पाटी-पेन्सिलीचाच. खरा फरक पहिला शब्द कधी वाचता येतो, यात. कखगघच्या क्रमात पाचवंच अक्षर ङ. ते पोराला बाजारात कुठल्या पाटीवर दिसणार? गमभन घेतलं की चार अक्षरांतच मन, नभ, मग, गमन वाचता येतात. मात्र म आणि भ दिसायला सारखे; आमचं पोरगं महिनाभर गोंधळलं. कखगघची वर्णमाला चालीवर लवकर पाठ होते, पण ती घडाघडा म्हणणारं हेच पोरगं कोल्हापुरातल्या केएमटी बसवरच्या ‘रंकाळा’ या पाटीपाशी अडायचं.

चुळबुळ्या, लगेच वाचायला मागणाऱ्या मुलाला गमभन. म्हणायची हौस असेल तर वर्णमाला; शब्दकोश चाळायला तर ती लागतेच, पण तेवढ्यासाठी घाई नको.