साइट हळू आहे: होस्टिंग बदलायचं, सीडीएन लावायचं की आधी पान हलकं करायचं?

फाल्गुन संपत आला की मावसभावाचा फोन ठरलेला. तो रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकतो. यंदाचा प्रश्न असा होता: "दादा, साइट उघडतच नाही म्हणतात गिऱ्हाइकं. होस्टिंगवाला म्हणतोय वरचा प्लॅन घ्या. घेऊ का?"

अशा वेळी सगळे आधी पेजस्पीड इनसाइट्सवर (साइटचा वेग तपासायचं गूगलचं मोफत साधन) जातात, तो रंगीत गोल बघतात आणि घाबरतात. त्या पानावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. खालचा गोल म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी. मोबाइलसाठी ती मुद्दाम मंद केलेला फोन आणि साधारण १.६ एमबीपीएसचं नेट गृहीत धरते. वरचा भाग खऱ्या माणसांचा असतो: क्रोमवरून आलेल्यांचा गेल्या २८ दिवसांचा अनुभव. शंभरातल्या किमान पंचाहत्तर भेटींत मुख्य चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे (एलसीपी), बोट लावल्यावर पान २०० मिलिसेकंदांत हललं पाहिजे (आयएनपी, मार्च २०२४ पासून) आणि पान उघडताना त्यातल्या गोष्टी जागेवरून किती उडतात त्याचा आकडा ०.१ च्या आत राहिला पाहिजे (सीएलएस). मी वरच्या भागावर विश्वास ठेवतो, खालचा गोल कारण शोधायला वापरतो. छोट्या साइटला मात्र वरचा भाग बहुतेकदा रिकामाच दिसतो, कारण तेवढी वर्दळ नसते. आयफोनवाले तर त्या मोजणीत येतच नाहीत.

त्यामुळे गोलातला आकडा बाजूला ठेवून मी एकच बघतो: वाट नक्की कुठे बघावी लागते? सर्व्हरकडून उत्तराचा पहिला तुकडा (पहिला बाइट) यायला, चित्र उतरायला, की उतरलेलं पडद्यावर उमटायला? तिन्ही पर्याय वेगवेगळ्या ठिकाणचा वेळ वाचवतात.

होस्टिंगने फक्त पहिल्या बाइटचा वेळ सुधारतो. तो ०.८ सेकंदाच्या आत असेल तर महागड्या प्लॅनने गिऱ्हाइकाला फारसं काही जाणवणार नाही. जास्त असेल तरी आधी पेज कॅशिंग चालू करून बघावं. वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) दर वेळी डेटाबेस धुंडाळून पान रांधतं, कॅश लावली की वाढलेलं ताट तयारच असतं. पण कार्ट आणि पैसे भरायचं पान कॅश करता येत नाही, ते प्रत्येकासाठी ताजंच बनतं. तिथे अडकत असेल तर होस्टिंगवर खर्च करावा, आणि तो करताना सर्व्हर कुठे आहे हे बघावं. नवीन गिऱ्हाइकाचा फोन पहिला बाइट मिळेपर्यंत सर्व्हरकडे साधारण तीन खेपा घालतो: जोडणीची, सुरक्षेची आणि पान मागायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला एक खेप साधारण २०० मिलिसेकंद धरली, तरी ०.६ सेकंद प्रवासातच गेले.

सीडीएन ही अंतराची सोय: साइटच्या प्रती जगभरच्या सर्व्हरांवर ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाला जवळच्या सर्व्हरवरून पाठवायच्या. मराठी दिवाळी अंकाची साइट असेल आणि वाचक न्यू जर्सी, दुबई, लंडनला पसरलेले असतील, तर मी पहिल्या दिवशी सीडीएन लावेन. भावाची पेटी पुण्या-मुंबईच्या पलीकडे जात नाही आणि त्याचा सर्व्हर मुंबईतच आहे, मग कुठलं अंतर कमी करायचं? शिवाय क्लाउडफ्लेअरसारखी सेवा नुसती लावून ठेवली तर चित्रं, सीएसएस (पानाच्या रंगरूपाच्या फाइली) साठवते. मूळ पान, म्हणजे एचटीएमएल, साठवायला वेगळं सांगावं लागतं. आणि चार एमबीचा फोटो जवळून पाठवला म्हणून एक एमबीचा होत नाही.

फोटोवरच आलो. त्याचं पान मी बाबांच्या जुन्या फोनवर उघडलं. मेनू आला, भाव आला, मधे पांढरा चौकोन. मग वरून खाली, पट्टीपट्टीने, गवतात मांडलेले आंबे उलगडत गेले. फोनने काढलेला फोटो तसाच चढवलेला: ४००० बाय ३०००, चार एमबी. १.६ एमबीपीएसला नुसत्या त्या फोटोला वीस सेकंद. तोच ८०० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या प्रकारात बदलला, शंभर केबीच्या आत बसला. म्हणजे अर्धा सेकंद. वर त्याच चित्राला कुठल्याशा प्लगइनने लेझी लोडिंग (चित्र पडद्याजवळ आल्यावरच उतरवायचं) लावलेलं. खालच्या चित्रांना ते हवंच, पण पहिल्याच चित्राला लावणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला थांबवून चहाची पावडर आणायला जाणं.

फॉन्टचं दुखणं खास आपलं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये आकारांची संख्या मोठी असते, फाइल रोमनपेक्षा जड होते. त्याने मुक्ता या फॉन्टची पाच वजनं (जाडीचे प्रकार) लावली होती, वापरात दोनच. तीन काढली. जोडाक्षरं छाटून फाइल लहान करायच्या फंदात मात्र पडू नये, 'क्ष' तुटलेला दिसतो. मग चॅटचा बुडबुडा, फिरता स्लायडर, कुणीही न बघणारं रिव्ह्यूचं विजेट. ‘कार्टमध्ये टाका’ दाबल्यावर फोन गप्प बसायचा तो यांच्यामुळे. बुडबुडा काढायला भाऊ तयार नव्हता, म्हणून तिथे साधी व्हॉट्सॲपची लिंक दिली.

या सगळ्याला एक दुपार गेली, पैसे शून्य. तुम्ही याच प्रश्नावर अडला असाल तर माझ्या मते क्रम असा: आधी पान, मग कॅश, मग पहिल्या बाइटचा वेळ बघून होस्टिंग, आणि गिऱ्हाईक लांब असेल तर सीडीएन होस्टिंगच्याही आधी.

भावाचं मुख्य पान आता बाबांच्या फोनवरही पटकन उघडतं. पैसे भरायचं पान रविवारी संध्याकाळी अजून रेंगाळतं, तेव्हा वरच्या प्लॅनचा विचार त्या एका पानासाठी चालू आहे. होस्टिंगवाल्याला दोनच गोष्टी विचारायला सांगितल्यात: नव्या प्लॅनचा सर्व्हर मुंबईतच राहणार ना, आणि महिनाभर वापरून परत करता येईल का.